लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बदलायचंय? आधी अँटेनाच्या वायरी मोजा

मावशीचं घर चिपळूणजवळच्या एका गावात आहे. जुनं, जांभ्याच्या जाड भिंतींचं. राउटर पडवीत, आणि मावसबहीण अभ्यासाला बसते माजघराच्या पलीकडच्या खोलीत. तिथे तिचा फोन व्हिडिओ सुरळीत दाखवायचा, लॅपटॉप मात्र दर दोन मिनिटांनी अडायचा. ब्लूटूथचे इअरफोन लावले की आणखी अडायचा. घरच्यांनी सगळा दोष राउटरला दिला होता. मी गणपतीत गेलो तेव्हा लॅपटॉप पालथा घातला आणि खालचं झाकण काढलं. आत वाय-फाय कार्ड होतं आणि त्याला एकच अँटेनाची वायर लावलेली होती. दुसरी वायर तुटलेली नव्हती. तो लॅपटॉप बनला तेव्हापासून त्यात एकच अँटेना होती.

स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपांत हीच कथा असते. लोक नवं, महागडं कार्ड मागवतात, बसवतात, आणि मग कळतं की कार्डाला दोन वायरी हव्यात नि आपल्याकडे एकच आहे. कार्ड म्हणजे अर्धंच काम. हवेतला सिग्नल पकडते ती अँटेना. म्हणून या लेखात मी अँटेनावर जास्त वेळ घालवणार आहे. कार्ड बदलणं खरं तर सोपं आहे.

दोष नक्की कुठे आहे

लॅपटॉप उघडायच्या आधी पाच मिनिटांची एक चाचणी करा. ज्या जागी लॅपटॉप रडतो, त्याच जागी, त्याच वाय-फायवर फोन चालवून बघा. फोनही अडत असेल तर राउटरची जागा बदला किंवा राउटर बदला. लॅपटॉपला हात लावू नका. फोन नीट चालतो आणि लॅपटॉपच मागे पडतो, असं असेल तर पुढे वाचा.

आता लॅपटॉप राउटरच्या शेजारी नेऊन ठेवा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, आणि तिथे जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा. खाली प्रोटोकॉल, नेटवर्क बँड, लिंक स्पीड आणि कार्डाचं नाव दिसेल. हे सगळं कागदावर लिहून ठेवा, नंतर तुलनेला लागेल.

लिंक स्पीडचा आकडा बरंच सांगून जातो. राउटरजवळ बसूनही ७२ एमबीपीएसच दिसत असेल, तर बहुधा कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वाय-फायच्या जुन्या, हळू पट्ट्यावर, एकाच अँटेनावर चाललं आहे. ४३३ दिसलं तर कार्ड ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचं आणि वाय-फाय ५ चं, म्हणजे पाचव्या पिढीचं आहे, पण अँटेना एकच. ८६७ म्हणजे वाय-फाय ५, दोन अँटेना. १२०१ म्हणजे वाय-फाय ६, दोन अँटेना. २४०२ दिसत असेल तर तुमच्याकडे १६० मेगाहर्ट्झचा रुंद पट्टाही चालू आहे आणि तुम्हाला या लेखाची गरज नाही. हे जोडणीचे आकडे आहेत. डाउनलोडचा खरा वेग यापेक्षा बराच कमी, साधारण निम्म्याच्या आसपास मिळतो.

मावसबहिणीच्या लॅपटॉपवर ७२ होतं. इअरफोनचं कोडंही त्यातच सुटलं. ब्लूटूथसुद्धा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं. एकच अँटेना असली की वाय-फाय आणि ब्लूटूथ आळीपाळीने ती वापरतात. इअरफोनवर आवाज चालू झाला की वाय-फायच्या वाट्याची वेळ कमी होते आणि व्हिडिओ थांबतो. कार्ड ५ गिगाहर्ट्झवर गेलं की ही ओढाताण जवळजवळ संपते.

कार्ड निघणारं आहे का

पातळ लॅपटॉपांत वाय-फायची चिप पुष्कळदा मदरबोर्डावरच सोल्डर केलेली असते. ॲपलच्या लॅपटॉपांची वाट वेगळी, ती इथे घेत नाही. बाकीच्यांनी आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्यावं. एचपी, डेल, लेनोव्हो या कंपन्या ते आपापल्या संकेतस्थळावर फुकट देतात. त्यात झाकण कसं काढायचं, कुठला स्क्रू किती लांबीचा, कार्ड कुठे आहे, हे चित्रांसह असतं. मॅन्युअलमध्ये वाय-फाय कार्डाचं वेगळं पान असेल, तर कार्ड निघतं. पान नसेल, तर यूएसबीचा छोटा वाय-फाय अडॅप्टर घ्या आणि समाधान माना. सोल्डर केलेल्या चिपच्या मागे लागू नका. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर झाकण उघडण्याबद्दल कंपनीची अट काय आहे, तेही आधीच बघा.

जुन्या लॅपटॉपांत आणखी एक अडथळा असतो. काही कंपन्यांनी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, मान्य कार्डांची यादी घालून ठेवली होती. यादीबाहेरचं कार्ड लावलं तर लॅपटॉप सुरूच होत नाही. लेनोव्होच्या जुन्या थिंकपॅडवर अशा वेळी १८०२ क्रमांकाचा संदेश येतो. कार्ड काढलं की सगळं पूर्ववत होतं, नुकसान काही नाही, पण पैसे वाया गेलेले असतात. आठ-दहा वर्षांहून जुना थिंकपॅड किंवा एचपी असेल तर आपल्या मॉडेलचं नाव घालून याचा शोध आधी घ्या.

कुठलं कार्ड घ्यायचं

गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपांत एम.२ प्रकारचं कार्ड असतं. माप २२३०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब. साधारण २०१४ च्या आधीच्या लॅपटॉपांत हाफ मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्ड सापडतं. ते जवळजवळ चौकोनी असतं आणि दोन स्क्रूंनी बसवलेलं असतं. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

एम.२ असेल तर नवशिक्याने इंटेलचं एएक्स२१० घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वाय-फाय ६ई (म्हणजे ६ गिगाहर्ट्झचा नवा पट्टाही वापरू शकणारं वाय-फाय ६), ब्लूटूथ, दोन अँटेना, आणि इंटेल-एएमडी दोन्ही प्रोसेसरांच्या लॅपटॉपांत चालतं. थोडं स्वस्तात हवं असेल तर एएक्स२०० पुरतं. मीडियाटेकचं एमटी७९२२ हेही चांगलं कार्ड आहे आणि एएमडीच्या अनेक लॅपटॉपांत ते मुळातच येतं. वाय-फाय ७ चं बीई२०० बघून मोह होतो, पण एएमडीच्या बऱ्याच लॅपटॉपांत ते चालत नाही आणि घरात वाय-फाय ७ चा राउटर नसेल तर त्याचा उपयोगही नाही.

खरेदीतली सगळ्यात मोठी फसगत शेवटच्या आकड्यात आहे. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही पूर्ण कार्डं आहेत. एएक्स२०१, एएक्स२११ आणि बीई२०१ ही दिसायला तशीच असली तरी अर्धी कार्डं आहेत. त्यांच्यात फक्त रेडिओचा भाग असतो. उरलेलं काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसर-चिपसेटमध्ये होतं. इंटेल या पद्धतीला सीएनव्हीआय म्हणतं. एएमडीच्या किंवा जुन्या इंटेल लॅपटॉपात असं कार्ड लावलं तर ते दिसणारच नाही. माझ्या हातात एकदा एएक्स२१० सांगून एएक्स२०१ आलं होतं. खोक्यावर एक आकडा, कार्डावर दुसरा. तेव्हापासून मी आधी कार्डावरचा लेबलचा आकडा वाचतो आणि मगच लॅपटॉप उघडतो. उलट बाजूने, ज्या लॅपटॉपात मुळात सीएनव्हीआय कार्ड आहे तिथे एएक्स२१० बहुतेक वेळा चालतं, पण काही मॉडेलांत त्या खाचेत पूर्ण कार्डाच्या जोडण्याच दिलेल्या नसतात. तिथे कोणीतरी आधी करून बघितलंय का, हे शोधलेलं बरं.

मिनी पीसीआय एक्सप्रेसवाल्यांनी इंटेल ७२६० शोधावं. वाय-फाय ५, दोन अँटेना, ८६७ पर्यंतची जोडणी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सुट्या भागांच्या दुकानांतून विचारत फिरलात तर जुनी, काढलेली कार्डं मिळण्याची शक्यता असते. एवढ्या जुन्या यंत्रावर नवं महाग कार्ड घालण्यात अर्थ नाही.

६ गिगाहर्ट्झच्या नव्या पट्ट्याबद्दल एक. दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये काढला. पण तो पट्टा वापरायला राउटरही ६ई किंवा ७ चा लागतो आणि विंडोज ११ लागतं. विंडोज १० वर ६ गिगाहर्ट्झ मिळत नाही. आज घरोघरी फरक पडतो तो २.४ वरून ५ वर गेल्याने.

उघडण्याच्या आदल्या दिवशी

नव्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. कार्ड बदलल्यावर लॅपटॉपला इंटरनेट नसेल आणि ड्रायव्हर आणायला इंटरनेट लागेल, ही अडचण हमखास येते. विसरलातच तर फोन यूएसबीने जोडून टिथरिंग चालू करा, काम भागतं. लिनक्सवाल्यांना एएक्स२०० साठी कर्नल ५.१ आणि एएक्स२१० साठी ५.१० किंवा त्यापुढचं लागतं. हल्लीच्या कुठल्याही वितरणात ते असतंच.

हत्यारं फार नाहीत. लहान स्टार स्क्रू ड्रायव्हर, पीएच-० आणि पीएच-०० मापाचे. काही लॅपटॉपांत सहा पाकळ्यांचा टॉर्क्स लागतो, टी-५. झाकणाच्या खिट्ट्या सोडवायला जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारचं पिक. चिमटा असल्यास प्लास्टिकचा. एक कोरा कागद आणि सेलोटेप.

कागदावर लॅपटॉपच्या झाकणाची आकृती काढा आणि निघेल तो स्क्रू त्याच जागी चिकटवा. हे मी कळकळीने सांगतो, कारण सगळे स्क्रू एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर तो वरच्या बाजूने कीबोर्डाखालच्या पट्टीत टेंगूळ आणतो किंवा बोर्डात घुसतो.

कार्ड बदलणं

लॅपटॉप बंद करताना शिफ्टचं बटण दाबून धरून शट डाउन म्हणा, म्हणजे तो पूर्ण बंद होतो. चार्जर काढा. टेबलावर सुती चादर अंथरा, नायलॉन-पॉलिस्टर नको. कोकणात पावसाळ्यात स्थिर विजेची भीती कमी, पण विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच वीज चिपला मारते. पंख्याखाली बसू नका, आणि कार्डाला हात लावण्याआधी नळाच्या धातूच्या तोटीला किंवा खिडकीच्या उघड्या गजाला हात लावून घ्या.

सगळे स्क्रू काढा. रबरी पायांखाली एखादा लपलेला असतो. झाकण जोर लावूनही उठत नसेल तर स्क्रू राहिला आहे असं समजा, ताकद वाढवू नका. बिजागरीच्या बाजूने किंवा मॅन्युअल सांगेल त्या कोपऱ्यापासून एटीएम कार्ड सरकवत खिट्ट्या एकेक करून सोडवा.

झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढा. वायरी धरून ओढू नका, प्लास्टिकचा दांडा धरून सावकाश सरकवा. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून ठेवा. आता फोनने फोटो काढा: पूर्ण आतला, आणि कार्डाचा जवळून. कुठली वायर कुठल्या टोकाला आहे ते फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे.

कार्डाच्या कडेला गोल सोनेरी टोकं असतात. एम.२ कार्डावरची टोकं मोहरीच्या दाण्याएवढी, जुन्या मिनी कार्डावरची कच्च्या साबुदाण्याएवढी. दुकानदार पहिल्याला आयपेक्स-४ आणि दुसऱ्याला आयपेक्स-१ किंवा यूएफएल म्हणतात. या टोकांवर वायरीच्या शेवटची बारीक धातूची टोपी बसते. मोहरीवर साबुदाण्याची टोपी बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवायला गेलात तर टोक चेपतं. जुन्या लॅपटॉपात अडॅप्टर लावून एम.२ कार्ड बसवणाऱ्यांची इथेच गाडी अडते.

वायर काढताना टोपीच्या खाली नख किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा आणि सरळ वर उचला. तिरकं उचललं तर टोपीची कड वाकते. वायर ओढली तर वायर टोपीतून सुटून येते, आणि ती परत जोडणं हे घरचं काम नाही. या टोप्या मोजक्या वेळा काढघाल करण्यासाठीच बनवलेल्या असतात, म्हणून गंमत म्हणून काढू नका.

वायरी बाजूला केल्या की कार्डाचा स्क्रू काढा. एम.२ ला तो एकच असतो, जुन्या मिनी कार्डाला दोन. कार्ड आपोआप थोडं तिरकं उभं राहतं. त्याच तिरक्या कोनात धरून बाहेर ओढा. नवं कार्ड त्याच कोनात खाचेत सरकवा. कार्डावरची खाच आणि सॉकेटातली फट जुळली नाही तर ते शिरणारच नाही. खाली दाबून स्क्रू लावा, हलक्या हातानेच घट्ट करा.

आता सगळ्यात नाजूक काम, वायरी लावण्याचं. यात घाई केली की फसतं. टोपी टोकावर नुसती ठेवा, आणि बोटाच्या टोकाने अगदी हलकं इकडेतिकडे सरकवा. ती नेमकी मध्यावर आली की बोटाला कळतं. ती घरंगळायची थांबते. तेव्हाच अंगठ्याने सरळ खाली दाबा. बारीकसा टिक आवाज येतो. आवाज आला नाही, टोपी एका बाजूने उंच दिसली, तर दाब वाढवू नका, उचला आणि पुन्हा ठेवा. मी एम.२ ची टोपी नीट बसवायला पहिल्यांदा वीस मिनिटं घेतली होती. चष्मा लागत असेल तर चष्मा, आणि फोनचा कॅमेरा झूम करून भिंगासारखा वापरा.

कुठली वायर कुठे? कार्डावर पांढरा त्रिकोण किंवा १ असतो ती मुख्य बाजू, काळा त्रिकोण किंवा २ ती साहाय्यक. डेलच्या लॅपटॉपांत पांढरी वायर मुख्य टोकाला आणि काळी साहाय्यक टोकाला जाते. इतरत्र करडी-काळी अशीही जोडी असते. आपला फोटो बघा आणि तसंच लावा. चुकून उलटी लागली तरी काही जळत नाही. वायर एकच असेल तर ती मुख्य टोकाला लावा. कार्ड चालेल, पण अर्ध्या ताकदीने.

मावसबहिणीच्या लॅपटॉपात मी एवढंच करून आधी बघितलं. ७२ चं ४३३ झालं. राउटर वाय-फाय ५ चा, अँटेना एक, म्हणजे हिशोबाने यायला हवं होतं तेवढंच. इअरफोनची अडचणही गेली. पण तिच्या खोलीत, जांभ्याच्या दोन भिंतींपलीकडे, जोडणी अजून मधूनच ढासळायची. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतीतून २.४ च्या मानाने कमीच पार होतात. तिथे दुसरी अँटेना हवीच होती.

अँटेना

दुसरी अँटेना दोन कामं करते. एकाच वेळी माहितीचे दोन प्रवाह चालतात, म्हणून वेग दुप्पट होतो. आणि एका अँटेनाच्या जागी सिग्नल क्षीण असेल तर दुसरीच्या जागी बरा असू शकतो, कारण भिंती-फर्निचरवर आपटून आलेल्या लहरी कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे मारतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत. ५ गिगाहर्ट्झची पाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटं. म्हणून दोन अँटेनांमध्ये किमान अर्ध्या वितीचं अंतर ठेवा. जास्त असेल तर उत्तमच.

नवी अँटेना घेण्याआधी शोधा. काही लॅपटॉपांत दुसरी वायर कार्डाशेजारीच टोकावर प्लास्टिकची नळी चढवून टेपखाली दडवलेली असते, कारण त्याच सांगाड्याच्या महाग मॉडेलमध्ये ती वापरतात. टेपा उचलून बघा. सापडली तर तुमचं नशीब, नळी काढा आणि लावा.

नसेल तर लॅपटॉपसाठीची आतली अँटेना विकत मिळते: बोटभर लांबीची पातळ पट्टी, मागे चिकटपट्टी, आणि काडीहूनही बारीक वायर. घेताना तीन गोष्टी बघा. २.४ आणि ५ दोन्ही पट्ट्यांची हवी. ६ई वापरणार असाल तर तिन्हींची. टोक तुमच्या कार्डाला जुळणारं हवं, म्हणजे एम.२ ला आयपेक्स-४. आणि वायरची लांबी. ही दोऱ्याने मोजा: कार्डापासून जिथे अँटेना बसवणार तिथपर्यंत, वायर जशी वळणं घेत जाईल तसा दोरा फिरवा, आणि वर चार बोटं धरा. उगाच लांब वायर घेऊन गुंडाळी करू नका. इतक्या बारीक वायरीत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल प्रत्येक सेंटिमीटरला थोडा थोडा मरतो.

पट्टीला चंदेरी किंवा तांब्याच्या पन्नीची शेपटी असेल तर ती जास्तीची आहे असं समजून कापू नका. ती अँटेनाचाच भाग आहे, ग्राउंडचं म्हणजे अर्थिंगसारखं काम करते.

बसवायची कुठे? कंपन्या बहुधा पडद्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांत बसवतात. ती जागा उंच असते, मोकळी असते, हात-मांडी आड येत नाही. पण तिथे पोचायला पडद्याची चौकट काढावी लागते, पडदा सोडवावा लागतो आणि वायर बिजागरीतून न्यावी लागते. चौकट प्लास्टिकची आणि खिट्ट्यांची असेल तर जमतं: खालच्या रबरी ठिपक्यांखालचे स्क्रू काढा, आतल्या कडेपासून नखांनी सोडवत जा, जुन्या वायरीच्या बाजूनेच नवी वायर न्या, आणि बिजागरीपाशी थोडी सैल ठेवा. चौकट परत लावण्याआधी झाकण दहा वेळा उघडझाप करून वायर कुठे ताणते का, चिमटते का, ते बघा. पडदा काचेचा, टचवाला, चिकटवलेला असेल तर या वाटेला जाऊ नका. पडदा फुटला तर अख्ख्या कामापेक्षा महाग पडतो.

नवशिक्याला मी खालच्या भागातली जागा सुचवतो. डीव्हीडी ड्राइव्हची रिकामी खोबण, न वापरलेली हार्ड डिस्कची जागा, किंवा समोरच्या कडेचा प्लास्टिकचा कोपरा. अट एकच: आजूबाजूला धातू नको. बॅटरी, एसएसडी, पंखा, तांब्याची नळी यांच्यापासून दोन बोटं तरी लांब. झाकणाच्या आतल्या बाजूला चकाकणारी पन्नी किंवा राखाडी रंगाचा थर आहे का, तेही बघा. तो थर वीज वाहणारा असतो, विद्युत गोंगाट अडवायला दिलेला. त्याखाली अँटेना म्हणजे पत्र्याच्या डब्यात ठेवलेला रेडिओ. शंका असेल तर मल्टीमीटरची दोन टोकं त्या थरावर टेकवा. बीप आला तर जागा बाद.

आणि लगेच चिकटवू नका. मी आधी सेलोटेपने अँटेना तात्पुरती लावली, बॅटरी जोडली, झाकण नुसतं वर ठेवून लॅपटॉप तिच्याच टेबलावर तिच्याच जागी सुरू केला. कमांड प्रॉम्प्टमध्ये netsh wlan show interfaces ही आज्ञा लिहिली की सिग्नल टक्क्यांत दिसतो, आणि जोडणीचा जाता-येतानाचा वेगही. समोरच्या डाव्या कोपऱ्यात टाइप करताना मनगट टेकलं की आकडा पडायचा. डीव्हीडीच्या खोबणीत, बाहेरच्या कडेला उभी लावल्यावर तो पडायचा थांबला. जागा बदलली की एक मिनिट थांबा, तीन-चार वेळा आकडा घ्या. एका आकड्यावर निर्णय नको. दर वेळी अँटेना हलवण्याआधी लॅपटॉप बंद करून बॅटरी काढायची, हे ओघाने आलंच. वेळ जातो, पण सगळ्यात जास्त फायदा याच तासाभरात होतो.

जागा ठरली की पृष्ठभाग कोरड्या सुती कपड्याने पुसून चिकटवा. वायर कडेकडेने, पंख्याच्या पात्यांपासून आणि स्क्रूच्या खांबांपासून दूर न्या, आणि दर दोन-तीन इंचांवर पिवळी हीटप्रूफ टेप लावा. झाकण बंद करताना वायर एखाद्या खांबावर येऊन चिरडली जाणं, हा या कामातला सगळ्यात नेहमीचा अपघात आहे.

बंद केल्यावर

बॅटरी जोडा, झाकण बसवा, पण स्क्रू दोनच लावा. लॅपटॉप सुरू करा, ड्रायव्हर चढवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरखाली नव्या कार्डाचं नाव आणि स्वतंत्रपणे ब्लूटूथ दिसलं पाहिजे. वाय-फाय दिसतं आणि ब्लूटूथ दिसत नाही, असं जुन्या लॅपटॉपात होतं. ब्लूटूथ कार्डाच्या खाचेतल्या यूएसबी जोडण्यांवर चालतं आणि काही जुन्या खाचांत त्या नसतात. त्यावर इलाज यूएसबी ब्लूटूथचाच. दोन्ही दिसत नसतील तर कार्ड काढून पुन्हा बसवा, आणि लेबलवरचा आकडा पुन्हा एकदा वाचा.

मग राउटरशेजारी बसून लिंक स्पीड बघा. वाय-फाय ५ च्या राउटरला ८६७, वाय-फाय ६ च्या राउटरला १२०१ आलं, म्हणजे दोन्ही अँटेना कामाला लागल्या. बरोबर निम्मा आकडा येत राहिला तर एक टोपी नीट बसलेली नाही. जवळ चांगला आकडा आणि एका खोलीपलीकडे एकदम घसरण, हेही अर्धवट बसलेल्या टोपीचंच लक्षण.

मावसबहिणीच्या लॅपटॉपावर पडवीत ८६७ आलं. तिच्या टेबलावर दोन भिंतींपलीकडे आकडा दोनशेच्या खाली उतरला नाही, आणि इअरफोन लावून तासभराचा वर्ग तिने न थांबता बघितला.

उरलेले स्क्रू कागदावरून एकेक उतरवत लावा. जुनं कार्ड टाकू नका. छोट्या पिशवीत घालून त्यावर लॅपटॉपचं मॉडेल आणि तारीख लिहा आणि लॅपटॉपच्या खोक्यात ठेवून द्या. कधी दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर तेच परत लावता येतं.